सोंगाला पाठ नसते

गेल्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंचा सत्कार झाला. हार, नारळ, शाल, सगळं रीतसर. दादा बोलायला उभे राहिले आणि चळवळीतल्या आठवणी सांगता सांगता म्हणाले, "इस्लामपुरात एक खबऱ्या होता. सोंगांचे पोशाख करायचा. मी तेव्हा आत होतो. पण आमच्या पोरांनी त्याला गिऱ्हाईक होऊन गाडीत घातला आणि असा सडकला, की पुन्हा काही तो कुठल्या जत्रेत दिसला नाही." लोक हसले. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होतो. मीही टाळी वाजवली.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगली लागली. सकाळी गारठा होता म्हणून ट्रंकेतले गरम कपडे काढले, आणि लक्षात आलं की माझ्याकडे कानटोपी नाही. कधीपासून नाही तेही आठवलं. मग मात्र दिवसभर काही सुचेना.

त्या माणसाचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी त्यांना खबऱ्या म्हटलं त्यांना ते ठाऊक आहे, आणि हे त्यांच्यासाठीच आहे. गाव त्यांना 'पोशाखवाले' म्हणे. मी त्यांच्या परसातल्या खोलीत भाड्यानं राहत होतो, म्हणून मी मालक म्हणे. ते मला मास्तर म्हणत, कारण मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो.

मालक उंच, वाळकुडे, आणि मान बगळ्यासारखी पुढं काढलेली. सदऱ्याच्या गळपट्टीत कायम एक ओवलेली सुई. अंगाला सरसाचा वास. बोलताना ते माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कपड्याकडे बघत. चार दिवसांपूर्वी भेटलेला माणूस त्यांना ओळखू येत नसे, पण त्याचं उपरणं ओळखू येई. एकदा शाळेचे हेडमास्तर खुद्द दारात आले तर मालक म्हणाले, "या, बसा. ह्यो कोट मी कराडात बघितलाय, पर त्यात दुसरा माणूस हुता." हेडमास्तरांनी तो कोट जुन्या बाजारातून घेतला होता. ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत.

तरुणपणी मालक सांगलीच्या एका नाटक कंपनीत पोशाखाच्या पेट्या सांभाळत. तिथून त्यांना काढलं, ते ज्या कारणानं काढलं तेच पुढं त्यांच्या धंद्याचं ब्रीद झालं. झालं असं की त्यांनी एका राजाचा अंगरखा पुढून मखमलीचा केला आणि मागून पोत्याचा. मखमल वाचली. पण प्रवेश संपल्यावर राजा तावातावानं वळून आत गेला आणि त्याच्या पाठीवर साखरेच्या व्यापाऱ्याचा शिक्का अख्ख्या नाटकगृहानं वाचला. मालकांच्या मते चूक राजाची.

"राजानं पाठ दाखवायचीच न्हाई, मास्तर. उलटं उलटं चालत आत जायचं. आणि सोंगाला पाठ असतीया कुठं? लोक म्होरं बसल्यात. मागं कोण हाय? भिंत. भिंतीला कशाला मखमल दावता?"

इस्लामपुरात येऊन त्यांनी हेच चालवलं. आजूबाजूच्या गावांच्या जत्रा, गणपतीचे मेळे, शाळांची संमेलनं, कुणालाही देव, राजा, राक्षस, साहेब काय हवं ते मालक स्वस्तात उभं करून देत, आणि सगळं अर्धं. रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा मुकुट, त्यावर बेगड, कासाराच्या दुकानापुढं झाडलेल्या फुटक्या बांगड्यांची माणकं, दाढीला अंबाडीचे धागे. पुढून बघितलं तर डोळे दिपावेत. मागून बघितलं तर सुतळीच्या गाठी. सगळंच जमे असं नाही. एका जत्रेत त्यांनी मारुतीची शेपटी वैरणीच्या पेंड्या वळून केली आणि मिरवणुकीत मागून आलेल्या शेरडांनी ती लंकेला जाईपर्यंत अर्ध्यावर आणली. लोक पोट धरून हसले. मालक शेरडांच्या मालकाशी भांडायला गेले.

आता त्यांच्या खरेदीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

लढाईचे दिवस. कापड रेशनच्या कार्डावर, तेही मिळेल तेव्हा. अशा वेळी मालक स्वस्तात माल आणत तो एकाच युक्तीनं. काय करायचंय ते कुणालाही सांगायचं नाही, आणि एका पोशाखाच्या दोन वस्तू एका दुकानातून घ्यायच्या नाहीत.

"कासाराला म्हटलं राजाला पायजे, की भाव राजाचा," ते म्हणत. "त्याला म्हणायचं, फुटकं दे, अंगणात टाकायचंय. खोटं बोलायचं न्हाई, अर्धं बोलायचं."

त्यामुळे एका दुकानात बटणं, दुसऱ्यात नाडी, तिसऱ्यात रंग, चौथ्यात चामडं. चारही दुकानदारांना वाटे, हा माणूस काहीतरी लपवतोय. खरंच लपवत होते. सांगलीला जाणाऱ्या, कोळशावर चालणाऱ्या मोटारीत ते काडीसारखे चढत आणि संध्याकाळी उतरताना गरगरीत असत. सांगली संस्थानात, इस्लामपूर इंग्रजी मुलखात. हद्दीवरच्या नाक्यावर कापडाची झडती होई, म्हणून मालक कापड अंगावर गुंडाळून आणत. मी त्यांना एकदा विचारलं, "मालक, सांगलीचं पाणी मानवतंय वाटतं?" तर माझ्या सदऱ्याकडे बघत म्हणाले, "तुमची बाही उसवलीया."

दुसऱ्या कुठल्या सालात मी याला चक्रमपणा म्हटलं असतं आणि हसून सोडून दिलं असतं. पण त्या सालात आमच्या भागात कुणी कुणाकडे सरळ बघत नव्हतं. निम्मी पोरं पलटणीत, उरलेल्यांतली काही भूमिगत. पारावर चार माणसं बोलत असली आणि पाचवा आला की बोलणं उसाच्या भावावर येई. आमचे दादा भूमिगतांत होते. माझ्या डोक्यावर तेव्हा दोन भीती बसलेल्या: एक, दादा पकडले जातील, आणि दुसरी, ते माझ्यामुळे पकडले जातील. दुसरी जास्त मोठी होती. आज ते लिहायला हरकत नाही.

दिवाळीनंतर एकदा दिवेलागणीला दादा माझ्या खोलीवर आले. धनगराच्या वेषात: डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. भाकरी खाल्ली, आईची चौकशी केली आणि गेले. मालक ओसरीवर दाढीची अंबाडी विंचरत बसले होते. त्यांनी मान वर केली असेल-नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी तापवत होतो तेव्हा येऊन म्हणाले, "मास्तर, काल धनगर आला हुता न्हवं तुमच्याकडं?"

"मेंढ्या बसवायच्या का म्हणून विचारत होता."

"परसात?" मालक म्हणाले. "लय वाईट सोंग, मास्तर. घोंगडं शालीगत घेतलं हुतं. आणि पायांत सांगलीच्या पेठेतली वहाण. तुमच्यापेक्षा चार बोटं उंच हाय, पर खांदे तुमचेच. तेच उतरतं माप."

मी खाली वाकून चूल फुंकत राहिलो. मालक आपले अंबाडी विंचरायला गेले.

पंधरवड्याच्या आत दादा पकडले गेले.

आता सगळं मला दिसायला लागलं. मालक पोलीस लायनीत जात. हवालदाराशी चहा पीत, मोडकी बकलं, जुने पट्टे पिशवीत घालून आणत. 'सोंगासाठी' म्हणत. एक म्हातारी संध्याकाळची मागल्या दारानं येऊ लागली होती. आमच्याच आळीच्या टोकाला राहायची, मुलगा पलटणीत. ती आली की मालक दार लोटून घेत आणि आत नुसती कुजबूज. मी एकदा परसातून कान दिला. म्हातारी म्हणत होती, "कुणाला कळता कामा न्हाई बगा. घरात बी म्हाईत न्हाई." मालक म्हणाले, "आवं, माझ्या दुकानदारांला बी कळत न्हाई, तर घराचं काय घिऊन बसला."

एवढं पुरे होतं. तरी मी खात्री करून घ्यायची असं ठरवलं, म्हणजे मनाशी जे ठरलंच होतं त्याला पुरावा शोधायला गेलो. मालक सांगलीला गेलेले बघून त्यांची पत्र्याची पेटी उघडली. कुलूप नव्हतं, सुतळीची गाठ होती.

आत खाकी पोशाख होता. कोट, तुमान, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, पट्टा, पितळी बटणं. मी तो उलटून बघितला. त्याला पाठ होती. पोत्याची नव्हे, सुतळीच्या गाठींची नव्हे. पुढच्यासारखीच शिवलेली, आतून अस्तर लावलेली, खांद्याच्या शिवणीवर दुहेरी टाका घातलेला. मालकांच्या उभ्या आयुष्यात पाठ असलेला हा पहिला पोशाख असावा. सोंगाला पाठ नसते हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. मग हे सोंग नव्हे. हे कुणीतरी अंगात घालून माणसांत, चहूबाजूंनी दिसेल असं फिरणार आहे. मालक सरकारचा माणूस आहेत, किंवा सरकारच्या माणसांना सजवून गावोगाव सोडताहेत.

गाठ मला तशी परत मारता आली नाही. संध्याकाळी मालकांनी ती बघितली, थोडा वेळ बोटांत धरून ठेवली, आणि माझ्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "उंदरं लय झाल्यात गड्या. गाठी सोडाय लागल्यात."

ते वाक्य मी धमकी म्हणून घेतलं.

दोन दिवसांनी दादांच्या लोकांपैकी एक तरुण, वाळव्याच्या बाजूचा, माझ्याकडे पहाटेच निरोप न्यायला आला. थंडीनं त्याचे दात वाजत होते. मी त्याला पेटीतला पोशाख सांगितला, पोलीस लायन सांगितली, म्हातारी सांगितली, चार बोटं उंच सांगितलं.

तो म्हणाला, "मास्तर, खात्री हाय?"

मी म्हणालो, "आहे."

नव्हती. पण मालक खबऱ्या नसते, तर दादा माझ्या खोलीवर आल्यामुळे पकडले गेले असा अर्थ झाला असता. तो मला परवडत नव्हता. तरुण उठला तेव्हा मी माझी तपकिरी कानटोपी काढून त्याच्या डोक्यावर घातली. भावाच्या जागी होता. एवढी माया मी त्या सकाळी केली.

बाजाराच्या दिवशी, चांगली उन्हं वर आल्यावर, दाराशी बैलगाडी उभी राहिली. हाकणारा तोच तरुण, कानटोपी घातलेला, बरोबर दोघं पटकेवाले. "पोशाखवाले हाईत का? आमच्या गावची पौषातली जत्रा हाय, आख्खी सोंगं पायजेत. पेटी घिऊन चला, पंचांला दावा."

आख्ख्या गावची सोंगं म्हणजे मालकांची वर्षाची बेगमी. ते असे हरखले की धुतलेला सदरा काढून घातला. पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली. मी खोलीच्या दारात उभा होतो, शाळेची वेळ टळून गेली तरी. चाकावर पाय ठेवताना मालकांनी हाकणाऱ्याकडे बघितलं, मग वळून माझ्याकडे बघितलं. हसले आणि म्हणाले, "ध्येनात ठेवीन, मास्तर."

गाडी गेली. म्हटलं, यांना सगळं कळलंय, आणि हे परत आले तर माझी धडगत नाही. ते परत येऊ नयेत असं मला वाटलं. इतकं स्पष्ट मी आजवर स्वतःशीही म्हटलेलं नाही.

ते परत आले, गुळाच्या गाडीतून, ढेपांच्या मधे आडवे. तळपायांवर मारलं होतं. पावलं सुजून भोपळ्यासारखी झाली होती. गाडीवानानं आणि मी त्यांना उचलून ओसरीवर ठेवलं. ते पहिलं वाक्य बोलले ते हे: "खाकी जाळली माझ्यादेखत. आवं, पितळी बटणं तरी काढून घ्यायची की!"

गावाला कळायला वेळ लागला नाही. ज्याअर्थी मारलं त्याअर्थी खबऱ्या, असा हिशेब. हवालदारही आला, आणि मी भिंतीआड कान देऊन बसलो.

"कोण हुते?" हवालदार विचारत होता. "नावं सांगा, बाकीचं आमी बघतो."

"नावं काय ठावं," मालक म्हणाले. "जत्रेचं गिऱ्हाईक हुतं. माल पसंत पडला न्हाई."

"माल पसंत न्हाई म्हणून पाय फोडत्यात?"

"काही गिऱ्हाइकं लय कडक असत्यात, हवालदार."

खबऱ्या असता तर याच वेळी बोलला असता. मला हे त्याच क्षणी समजायला हवं होतं. समजलंही असेल, पण मी ते मानलं नाही. म्हटलं, डाव मोठा असेल.

त्या वर्षी चैत्रात गावच्या जत्रेला सोंगं सांगलीहून भाड्यानं आणली. मालकांना कुणी विचारलं नाही. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा ते खांबाला टेकून बघत होते. "मागनं बी मखमल!" ते म्हणाले. "काय ह्यो नासोडा." मग आत जाऊन निजले. पुढं त्यांच्याकडे फारसं कुणी आलंच नाही. माणूस जगला आणखी पाच-सहा वर्षं, पण अंबाडी विंचरताना मी त्यांना पुन्हा बघितलं नाही. बघायला मी तिथं नव्हतो हेही खरं. जत्रा झाल्यावर त्यांनी मला खोली सोडायला सांगितली. "भाचा यायचा हाय," म्हणाले. त्यांना भाचा नव्हता.

दादा पुढं सुटून आले. पहिल्या दिवाळीला मी त्यांना एकांतात विचारलं, "तुम्हाला नेमकं कुणी दिलं?"

दादा ओशाळून हसले. "कुणी कशाला देतंय? सांगलीला नाटक बघायला गेलो. मधल्या सुट्टीत बत्त्या लागल्या तर शेजारच्या खुर्चीवर माझ्या वर्गातला बंड्या. पोलिसांत गेलेला, साध्या कपड्यांत. सांगलीत हात लावेना, संस्थानाची हद्द. चोरपावलांनी मागं आला आणि नाक्याच्या अलीकडं, इंग्रजी हद्दीत, मला धरलं. तिसरा अंक राहिला तो राहिलाच."

"मग त्या पोशाखवाल्याचं काय?"

"ते पोरांनी परस्पर केलं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं." कुणी, ते दादांना माहीत नव्हतं, किंवा माहीत असून ते माझ्याकडे बघत नव्हते. "आता कशाला उकरायचं?"

सत्काराच्या दिवशी त्यांनीच उकरलं. पण त्यांना खरं माहीत असून त्यांनी तसं सांगितलं, याबद्दल मला त्यांच्यावर रागावता येत नाही. टाळी वाजवणाऱ्याला काय अधिकार?

राहिली ती खाकी.

गुळाच्या गाडीतून आल्यावर आठवड्याभरानं मालकांनी मला हाक मारली. पाय हळदीच्या फडक्यांत बांधलेले, भिंतीला टेकलेले. "मास्तर, मला चालता येत न्हाई. माझा बाजार तुमी करा. काय करायचंय ते इचारू नका."

नाही म्हणायची माझी छाती नव्हती. शाळा सुटली की मी त्यांची पिशवी घेऊन निघे. काष्ठौषधीच्या दुकानातून हिराकस आणि डाळिंबाची साल. किराणावाल्याकडून बारीक विणीचं रिकामं पोतं. चांभाराकडून बैलाच्या जुंपणीचा टाकाऊ पट्टा. सुट्टीच्या दिवशी सांगलीला जाऊन गणपती पेठेमागच्या जुन्या बाजारातून बॅण्डवाल्याच्या फाटक्या कोटाची पितळी बटणं.

"हिराकस कशाला, मास्तर? शाई करताय?" औषधवाल्यानं विचारलं.

"रंग बघायचाय," मी म्हणालो. अर्धं.

त्यानं पुडी बांधता बांधता आवाज खाली आणला. "त्या खबऱ्याच्या घरात राहता तुम्ही. जपून. लोक तुमच्याबद्दलही बोलायला लागलेत."

परतताना प्रत्येक दुकानाच्या फळीवरून माझ्या पिशवीकडे नजर येई. चांभार माझ्या मागं दोन घरं टाकून चालत आला, मी कुठं वळतो ते बघायला. मालक इतकी वर्षं काय घेऊन चालत होते ते मला त्या पिशवीनं दाखवलं. हिराकसात आणि सालीत पोत्याचं कापड उकळून काढलं तर खाकी निघाली. मग मालक बसून शिवायला लागले. मी चोरून बघत होतो. पुढचा भाग झाला. मग त्यांनी पाठ बेतली. पुन्हा अस्तर, पुन्हा खांद्याला दुहेरी टाका. माझा संशय इतका मुरलेला, की एवढं होऊनही मनात आलं: अजून सुधारले नाहीत.

एका सकाळी म्हणाले, "गाडी सांगितलीया. नदीला जायाचं. तुमी चला, मला उतरवायला माणूस पायजे. आणि तुमची कानटोपी घ्या."

कानटोपी माझ्याकडे परत आली होती. त्या तरुणानं कुणाच्या तरी हाती पिशवीत घालून पाठवली होती. मी ती घातली नव्हती, ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. मालकांना ती परत आल्याचं कसं ठाऊक, असा प्रश्न मला पडला आणि मी तो गिळला.

बोरगावच्या अंगाला, कृष्णेच्या काठी, मागल्या दारानं येणारी ती म्हातारी बसली होती. तिचा धाकटा मुलगा आणि एक भटजी. सून माहेरी गेली होती; की पाठवली होती, कोण जाणे. वाळूवर लाकडं रचलेली. भटजींनी प्रेताच्या जागी पळसाच्या पानांचा माणूस केला होता, हातपाय दर्भानं बांधलेले, डोक्याच्या जागी नारळ. म्हातारीचा थोरला बर्म्यात बेपत्ता होऊन दोन पावसाळे झाले होते. सरकारी कागद 'बेपत्ता' म्हणत होता, सून कुंकू लावत होती, दरमहाचा पगार घरी येत होता. विधी केल्याचं फुटलं तर तो बंद होईल ही धास्ती. न करावा तर पोर स्वप्नात येऊन पाणी मागतंय. आणि म्हातारीचं एकच मागणं होतं, की शिपाई म्हणून गेला तो शिपाई म्हणून जाऊ दे. उघड्या पानांचा नको. खाकीत. पलटणीकडून काहीच आलं नव्हतं, बटणसुद्धा नाही.

मालकांनी वाळूवर बसून त्या पानांच्या अंगात कोट चढवला. तुमान घातली. पट्ट्या गुंडाळल्या, पट्टा आवळला. पानं मोडू नयेत म्हणून बाही अशी हळू ओढत होते, जशी झोपलेल्या पोराच्या हातातून ओढावी. मग धाकट्यानं आणि मी उचलून त्याला लाकडांवर ठेवलं, उताणं.

मी काय बघतोय ते मालकांना कळलं असावं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाकीची सोंगं उभी असत्यात, मास्तर. ह्येला पाठीवर निजायचं हुतं."

मग त्यांनी हात पुढं केला.

"टोपी द्या."

मी दिली. त्यांनी ती नारळावर चढवली, कान नीट झाकले. "तिकडं थंडी असती का न्हाई, ठावं न्हाई. म्हातारीला बरं वाटंल." डाव्या कानावर हिरव्या लोकरीची रफू होती. ती त्यांनीच मागच्या हिवाळ्यात करून दिली होती, तपकिरी लोकर नव्हती म्हणून. तिच्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"ही त्या दिशी गाडी हाकणाऱ्याच्या डोक्यावर हुती. लांबनंच वळखली."

मी एवढंच विचारलं: "मग गाडीत बसलात कशाला, मालक?"

पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, कपड्याकडे नाही.

"टोपी बघूनच बसलो की. म्हटलं, आपल्या मास्तरनं गिऱ्हाईक धाडलं."

भटजींनी निखारा आणायला सांगितलं. मालक हातांवर रेटत मागं सरकले, मला जागा करून दिली. म्हातारी आवाज न करता रडत होती. लोकर पेटायला वेळ लागला. आधी धुरकटली, मग रफूचा हिरवा तुकडा निराळा दिसेनासा झाला.

गाडीत पाय ठेवताना ते माझ्याकडे बघून हसले होते ना, 'ध्येनात ठेवीन' म्हणाले होते, ते आभार होते.